रुग्णालयातली परिचर्या: रुग्ण, नातेवाईक आणि नर्सिंगचे विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

आधी बरीच वर्षं वॉर्डात ड्युटी केली, मग नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागले. दोन्हीकडे प्रश्न मात्र तेच तेच येत राहिले. काही रुग्णांचे, काही नातेवाइकांचे, काही पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचे. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. 'नर्स' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी चालतो म्हणून तसाच ठेवलाय, ब्रदर मंडळींनी राग मानू नये. तुमच्या स्वतःच्या आजाराबद्दल मात्र तुमच्या वॉर्डातली माणसं सांगतील तेच धरून चाला.

१. उपचार तर डॉक्टर ठरवतात. मग नर्स नेमकं काय करते?

डॉक्टर राउंडला येतात, काही मिनिटं थांबतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. बाकीचा सगळा वेळ तुम्ही नर्सच्या नजरेखाली असता. औषधं, ड्रेसिंग, सलाईन ही तिची दिसणारी कामं. न दिसणारं काम म्हणजे लक्ष ठेवणं. सकाळी गप्पा मारणारा माणूस दुपारी गप्प झालाय, लघवी कमी झालीय, श्वास भराभर चाललाय, हे सगळ्यांत आधी तिच्या लक्षात यायला हवं. त्याचा अर्थ लावून योग्य माणसाला वेळेत बोलावणं हेही तिचंच काम.

अमेरिकी नर्स आणि शिक्षिका व्हर्जिनिया हेंडरसन यांची नर्सिंगची व्याख्या मला अजूनही सगळ्यांत उपयोगी वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: अंगात ताकद, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर माणसाने स्वतःसाठी जे केलं असतं, ते नर्स त्याच्यासाठी करते, आणि अशा रीतीने करते की त्याला लवकरात लवकर तिची गरज उरू नये. हा दुसरा भाग लोक विसरतात. ऑपरेशननंतर सिस्टर म्हणते, "उठून बसा, तोंड स्वतः धुवा," तेव्हा ती काम टाळत नसते. पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो आणि स्नायूंची ताकद बघता बघता ओसरते.

२. दर काही तासांनी बीपी, नाडी, ताप कशाला? रात्री झोपेतूनही उठवतात!

शरीर एकदम कोसळतं असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते काही तास आधीपासून खुणा देत असतं. त्या खुणांना गुण देण्याच्या पद्धती आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या अशा एका पद्धतीत श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, ऑक्सिजन लावलेला आहे की नाही, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देतात. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त झाली की तातडीने धावाधाव.

यातला सगळ्यांत दुर्लक्षित आकडा श्वासाचा. मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. २५ किंवा त्याहून जास्त झाले तर त्या पद्धतीत थेट ३ गुण. एक गुपित सांगते: सिस्टर तुमचं मनगट धरून घड्याळाकडे बघत जरा जास्तच वेळ उभी राहिली, तर ती बहुधा नाडी संपवून छातीची हालचाल मोजत असते. "श्वास मोजतेय" असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून ती सांगत नाही.

डोक्याला मार लागलेल्याला उठवण्याला पर्याय नाही. नुसतं झोपणं आणि शुद्ध हरपत जाणं लांबून सारखंच दिसतं. ग्लासगो कोमा स्केल १९७४ पासून वापरात आहे. त्यात डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण होतात, आणि झोपलेल्या माणसाला हे गुण देता येत नाहीत. पण तब्येत स्थिर असेल तर "रात्रीच्या तपासण्या एकत्र करता येतील का?" असं जरूर विचारा. झोप हाही उपचाराचाच भाग आहे, आणि आम्ही तो सवयीने मोडतो हे कबूल करायला हवं.

३. पाच दिवस झाले, सगळे ओळखतात. तरी प्रत्येक गोळीच्या वेळी नाव का विचारतात?

याचं उत्तर मी माझ्या चुकीतून देते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आजोबांना त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचं नाव घेऊन "तुम्हीच ना?" असं विचारलं. त्यांनी मान डोलावली. ऐकू कमी येत होतं आणि समोरची मुलगी हसून काहीतरी विचारतेय तर "हो" म्हणावं, एवढाच त्यांचा हिशेब. गोळी ओठांपर्यंत गेली होती. हातातल्या पट्टीवर माझी नजर गेली म्हणून वाचलो, ते आणि मीही.

त्यामुळे नियम असा: नाव सांगून "हो ना?" विचारायचं नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं. सोबत दुसरी खूण ताडायची, जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, माणसं खाटा बदलतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री विद्यार्थी पहिल्या वर्षी पाठ करतात. तिचा अर्थ कळायला असा एखादा घाम फुटावा लागतो.

आणि तुम्ही म्हणालात की "ही गोळी रोजच्यासारखी दिसत नाही," तर नर्सने तिथेच थांबून पुन्हा तपासलं पाहिजे. कंपनी बदलल्याने रंग बदललेला असू शकतो. नसूही शकतो.

४. बेल वाजवली तरी कोणी लवकर येत नाही. आमच्याकडे दुर्लक्ष होतंय का?

कधीकधी होतंही. पण बहुतेक वेळा नर्स दुसऱ्या खाटेपाशी अशा कामात असते की ते अर्ध्यावर सोडता येत नाही; रक्त चढवायला नुकतीच सुरुवात केलेली असते, किंवा कोणाचा श्वास लागलेला असतो. कोण आधी, हे नंबराने ठरत नाही, धोक्याने ठरतं. म्हणून बेलवर बोलता येत असेल तर कारण सांगा. "पाणी हवंय" आणि "छातीत दुखतंय" यांना एकच घंटी वाजते, हा त्या बेलचा दोष आहे.

काही ठिकाणी नर्स बेलची वाट न बघता ठरावीक वेळाने फिरते आणि चार गोष्टी विचारते: दुखतंय का, कूस बदलायची का, लघवी-शौचाला जायचंय का, हाताशी लागणाऱ्या वस्तू जवळ आहेत का. पद्धत साधी, पण रुग्णाची "कोणी येईल का" ही धास्ती त्याने कमी होते. मनुष्यबळाचा भाग पुढच्या उत्तरात.

५. एका नर्सकडे किती रुग्ण असावेत?

सगळीकडे लागू पडेल असा एकच आकडा नाही. अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण आणि उद्या घरी जाणारा रुग्ण यांना सारखं मोजता येत नाही. तरी संख्येचा परिणाम होतो, हे चांगलंच दिसून आलंय. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, नर्समागे एकेक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या अभ्यासात पुन्हा तोच कल दिसला. शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती.

हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, प्रयोग नव्हेत; एवढी पाचर मारून ठेवते. पण वॉर्डात उभं राहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. बारा जणांकडे बघणारी नर्स औषधं वेळेवर देऊ शकेल. "हा माणूस आज वेगळा वाटतोय" हे तिच्या लक्षात येणं अवघड. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून किमान प्रमाण लागू केलं. अतिदक्षता विभागात तिथे दोन रुग्णांमागे किमान एक नर्स लागते.

६. ड्युटी बदलताना दोन नर्स माझ्या खाटेपाशीच माझ्याबद्दल बोलतात. मी मध्ये बोलू का?

बोला, त्यासाठीच तर तिथे उभं राहतात. हँडओव्हर, म्हणजे रुग्णाची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवणं, टेबलाशी झाला तर चार्टवर लिहिलंय तेवढंच पुढे जातं. खाटेपाशी झाला तर नवी नर्स ड्रेसिंग, सलाईनची जागा, लघवीची पिशवी डोळ्यांनी बघते आणि तुम्ही म्हणू शकता, "नाही सिस्टर, उलटी दोनदा झाली." आत्ताची परिस्थिती, आधीची पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि पुढे काय करायचं, या क्रमाने सांगायची एक पद्धत विद्यार्थ्यांना शिकवतात. ती मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली.

शेजारच्यांनी ऐकू नये असं काही असेल तर आधीच सांगून ठेवा. तेवढा भाग बाजूला जाऊन बोलता येतो.

७. "वेदना शून्य ते दहामध्ये किती?" याला काय उत्तर द्यायचं? जास्त सांगितलं तर नाटकी वाटेल.

तुम्हाला वाटेल तो आकडा द्या. तो तुमची तुलना शेजारच्याशी करायला नसतो. तुमचीच दोन तासांपूर्वीची आणि आत्ताची वेदना ताडायला असतो. आकड्यासोबत काय करता येत नाही ते सांगितलंत तर अजून चांगलं: "खोकता येत नाही", "कुशीवर वळता येत नाही". पोटाच्या ऑपरेशननंतर खोकता न येणारा माणूस कफ साठवून बसतो, त्यामुळे नर्सला त्या वाक्यातून आकड्याहून जास्त कळतं.

सहन करत बसू नका. वेदना शिगेला पोचल्यावर आवरायला जास्त औषध लागतं.

एक अपवाद मात्र नातेवाइकांनी लक्षात ठेवायचा. काही रुग्णांच्या हातात वेदनाशामक औषधाच्या पंपाचं बटण दिलेलं असतं. ते फक्त रुग्णानेच दाबायचं. गुंगी जास्त झाली की त्याचा हात आपोआप थांबतो, आणि तीच त्या यंत्राची सुरक्षा. झोपलेल्या माणसाच्या वतीने कोणी प्रेमाने बटण दाबलं तर श्वास मंदावू शकतो.

८. बाबांना कुशीवर वळवलं की ते कळवळतात. राहू द्या ना थोडा वेळ?

नर्स "नको" म्हणेल, आणि ती निर्दय नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथलं रक्त अडतं. माकडहाड, टाचा, ढुंगणाच्या बाजू, डोक्याची मागची बाजू ही ठरलेली ठिकाणं. अशा दाबाने होणारी जखम, म्हणजे बेडसोअर, पुष्कळदा आतून सुरू होते. वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. धोका मोजायला १९८७ मध्ये ब्रेडन स्केल आलं. त्यात संवेदना, ओल, हालचाल, आहार अशा सहा गोष्टींचे मिळून ६ ते २३ गुण असतात. गुण जितके कमी, तितका धोका जास्त.

घरच्यांना स्वतः बघता येईल अशी खूण: लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालीच हलली नाही तर बेडसोअरची सुरुवात समजा आणि लगेच सांगा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा घट्ट लागतंय का ते हाताने बघा. अशा जागेवर मालिश करू नका, आतल्या नाजूक पेशींना इजा होते. मधे भोक असलेलं गोल रिंगण खाली ठेवायची जुनी सवयही आता सोडलेली आहे. रिंगणाची कडच भोवतालचं रक्त अडवते.

कळवळण्यावर उपाय आहे: वळवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक देता येईल का ते विचारा. पूर्ण कूस नको असेल तर पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं करतात.

९. विद्यार्थिनीने इंजेक्शन दिलेलं मला नको. नाही म्हणता येतं का?

येतं. कारणही द्यायची गरज नाही आणि त्याने तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. विद्यार्थी असल्याचं तिने आधी सांगणं, तुमची परवानगी घेणं, हे तिच्या शिक्षणात येतं. माझ्या मते मात्र विद्यार्थिनीचं इंजेक्शन हे वॉर्डातलं सगळ्यांत जपून दिलेलं इंजेक्शन असतं. तिने प्रत्येक पायरी मनात तीनदा म्हटलेली असते आणि कोपराशी शिक्षिका उभी असते. ती नसेल, तर बेलाशक विचारा की तुमच्याबरोबर कोण आहे.

विद्यार्थ्यांसाठी: नकार मिळाला तर तोंड पाडून निघून जाऊ नका. "ठीक आहे, सिस्टर देतील. मी बघत उभी राहू का?" एवढं पुरतं.

१०. सरावाच्या पुतळ्यावर शिकून माणसावर हात चालतो का?

काही अंशी चालतो, आणि अपेक्षेपेक्षा बराच. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वॉर्डातल्या प्रशिक्षणाचे निम्म्यापर्यंत तास चांगल्या प्रतीच्या नकली-प्रसंग सरावाने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नाही. 'चांगल्या प्रतीच्या' हे शब्द महत्त्वाचे. नुसता पुतळा आणून ठेवला म्हणजे सराव होत नाही, नंतर शिक्षकाबरोबर बसून "तिथे तू का थांबलीस?" ही चर्चा झाली तर होतो.

तरी वॉर्डाला पर्याय नाही. युरोपीय संघाच्या नियमांत नर्सच्या मूलभूत शिक्षणाला किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णांजवळचे असावे लागतात. पुतळा घाबरत नाही, खोटं बोलत नाही, आणि "मी मरणार का?" असं रात्री तीन वाजता विचारत नाही.

११. "मी मरणार का?" या प्रश्नाला विद्यार्थिनीने काय उत्तर द्यायचं?

"असं बोलू नये" हे तरी नाहीच. त्या वाक्याने रुग्णाचं तोंड बंद होतं, भीती तशीच राहते. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "आज असं का वाटलं?" कधी उत्तर येतं की दुपारी डॉक्टरांचं अर्धवट बोलणं ऐकलं, कधी छातीत नवीन दुखणं सुरू झालेलं असतं, आणि ते लगेच कळवायचं असतं. निदान किंवा रोगाचा पुढचा अंदाज सांगणं विद्यार्थिनीचं काम नाही. "मला हे माहीत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना तुमचा प्रश्न सांगते," असं म्हणा. आणि खरंच सांगा.

१२. शिक्षण पूर्ण झालं, नोकरी लागली आणि वाटतं की मला काहीच येत नाही. माझंच चुकतंय का?

नाही. नर्सिंगच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच या धक्क्यावर लिहिलं: शाळेत शिकवलेली आदर्श परिचर्या आणि वॉर्डातली पळापळ यांच्या मधल्या दरीत नवी नर्स पडते. याच क्षेत्रातल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. बुद्धिबळपटू आणि वैमानिक कसे शिकतात यावरच्या मांडणीचा त्यांना आधार होता. त्यातल्या मधल्या पायरीवर, म्हणजे कामाचा क्रम स्वतः लावता येण्यापर्यंत, पोचायलाच एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं लागतात. विभाग बदलला की तज्ज्ञसुद्धा पुन्हा खालच्या पायरीवर येते.

काय करावं? सोबत अनुभवी नर्स नेमून द्या, असं मागून घ्या. आणि "हे मला येत नाही" म्हणायची लाज सोडा. जुन्या सिस्टरना जास्त प्रश्न विचारणाऱ्या मुलीची भीती वाटत नाही. काहीच न विचारणारीची वाटते.

१३. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध नर्स थांबवू शकते का?

शंका असेल तर तिने थांबून विचारलंच पाहिजे. "लिहिलं होतं म्हणून दिलं" ही सबब चालत नाही. एक साधं उदाहरण: '१.०' मधला टिंब पुसट असला की १० वाचलं जातं, '.५' चे ५ होतात. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य लिहायचं नाही आणि अपूर्णांकाआधी शून्य लिहायचंच, असा नियम आहे. फोनवर सांगितलेली मात्रा लिहून, वाचून दाखवून खात्री करायची. विचारल्यावर डॉक्टर चिडले तरी चालेल. सोपं नाही, मला माहीत आहे. म्हणून हे वर्गात मोठ्याने बोलून घटवून घ्यायला हवं.

१४. आईला दम लागलाय आणि नर्स ऑक्सिजन वाढवत नाही. असं का?

बहुतेकांसाठी रक्तातला ऑक्सिजन नव्वदीच्या वरच्या भागात ठेवतात. पण फुप्फुसाचा जुना अडथळ्याचा विकार असेल तर काही रुग्णांत जास्त ऑक्सिजन दिल्याने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यांना गुंगी येते. अशांसाठी ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य मुद्दाम ठरवलेलं असतं. तुम्हाला ८९ बघून धडकी भरते, नर्सला तो आकडा जागेवर दिसतो. चाक स्वतः फिरवू नका. तिला विचारा, "यांचं लक्ष्य किती ठरवलंय?" पण आई सारखी पेंगायला लागली, गोंधळल्यासारखी बोलू लागली, तर आकडा काहीही असो, लगेच बोलवा.

१५. रुग्ण म्हणाला, "कोणाला सांगणार नाही असं वचन द्या, मग सांगतो." विद्यार्थ्याने काय करावं?

वचन देऊ नका. "तुमच्या उपचाराशी संबंध नसलेलं मी कुठे बोलणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर सिस्टरना सांगावं लागेल," हे ऐकण्याआधीच सांगा. काही जण मग गप्प बसतात. बरेच जण तरीही बोलतात, आणि त्यांना तेच हवं असतं. जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर त्यांना एकटं सोडून बातमी द्यायला जायचं नाही. तिथूनच कोणाला तरी हाक मारायची.

१६. बेशुद्ध माणसाशी नर्स बोलत का राहते? त्याला काय कळणार?

नक्की किती कळतं ते बाहेरून ठरवता येत नाही, म्हणून कळतंय असं धरून चालायचं. "आता कुशीवर वळवतेय, हात गार लागेल," असं आधी सांगून हात लावायचा. खाटेवरून पलीकडच्याशी त्याच्या तब्येतीची चर्चा करायची नाही. अतिदक्षता विभागातून बरे झालेले काही जण अर्धवट संवाद आठवून सांगतात. कित्येकांना भलतंच आठवतं: आपल्याला बांधून ठेवलं होतं, कोणी विष देत होतं. शरीराला लावलेल्या नळ्या आणि भ्रम मिळून अशा आठवणी तयार होतात, आणि घरी गेल्यावरही त्या सतावतात.

म्हणून काही रुग्णालयांत नर्स त्या दिवसांची साधी डायरी लिहितात. ही पद्धत स्कँडिनेव्हियातून पसरली. नातेवाईकही त्यात लिहू शकतात. मोठं काही लागत नाही: तारीख, आज कोण भेटायला आलं, नळी कधी काढली, खिडकीबाहेर पाऊस होता का. वही रुग्णाला लगेच हातात देऊ नका. तो स्वतः विचारेल तेव्हा द्या, आणि पहिल्यांदा वाचताना त्याच्याजवळ बसा.